चेनची ढील (मोटरसायकल)

पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर चढते त्या दातेरी चकत्यांच्या) मधोमध, खालच्या बाजूची चेन बोटाने वर दाबून खाली ओढली असता तिची जी एकूण हालचाल होते, तिला चेनची ढील म्हणतात. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ती साधारण २० ते ३० मिलिमीटर लागते. उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना याहून जास्त. नेमका आकडा, तसेच ती साइड स्टँडवर मोजायची की मेन स्टँडवर, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

ही ढील मुद्दाम ठेवावी लागते. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा, गॅरेजमधला शब्द चिमटा) ज्या बोल्टवर हलतो तो बोल्ट आणि पुढचे स्प्रॉकेट यांचे केंद्र एक नसते. त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली झाले की दोन स्प्रॉकेटमधले अंतर बदलते. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की ते सर्वाधिक असते. तिथे चेनला जागा उरली नाही तर सारा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो, पुढच्या स्प्रॉकेटमागचे ऑइल सील गळू लागते. सैल चेन निदान कव्हरवर खडखडून ओरडते. घट्ट चेन मुकाट्याने खर्च वाढवते.

जुन्या गाडीची चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने थोडेथोडे फिरवत चार-पाच ठिकाणी ढील मोजतात. बंद कव्हरच्या गाड्यांत त्यासाठी रबरी बूच काढून बोट घालता येते. एका जागी १५ आणि दुसऱ्या जागी ४० मिलिमीटर भरत असेल, तर ढील सर्वांत घट्ट जागी बसवायची. सैल जागेवर बसवली की घट्ट जागा तारेसारखी ताणते. एवढी तफावत असलेली चेन खरे तर बदलायलाच झालेली असते.

ड्रम ब्रेकच्या गाडीत आधी एक्सलचा नट, स्प्रॉकेटकडचा स्लीव्ह नट (असल्यास) आणि टॉर्क आर्मचा (ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या पट्टीचा) नट सैल करतात. मग अ‍ॅडजस्टरचे (चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या स्क्रूचे) लॉक नट सोडून दोन्ही बाजूंचे नट पाव-पाव फेरी सारखेच फिरवायचे. जुन्या बुलेटमध्ये नटाऐवजी खाचांचा कॅम (फिरवला की एक्सल सरकवणारी चकती) असतो. तिथे दोन्हीकडे तीच खाच. चिमट्यावरच्या खुणा जुन्या गाडीत डोळे झाकून मानू नयेत: चिमट्याच्या बोल्टपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचे अंतर टेपने मोजून बघावे. चाक तिरके बसले तर स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने घासून चकाकतात. एक्सल आवळताना चेन थोडी ताणली जाते, त्यामुळे ढील पुन्हा मोजावी. चाक मागे गेल्याने ब्रेकचा रॉडही ओढला जातो. पॅडलची ढील आणि ब्रेक लाइट न तपासल्यास ब्रेक घासत राहून ड्रम तापतो.

‘चेन लांबली’ म्हणतात, पण लोखंड लांबत नाही. कड्यांमधल्या पिन आणि त्यांभोवतीचे बुश (नळ्या) झिजतात. शंभर सांध्यांत प्रत्येकी ०.१ मिलिमीटर झीज झाली की चेन १० मिलिमीटर वाढते. ४२८ (चेनच्या मापाचा क्रमांक) चेनच्या २० कड्या नव्या असताना २५४ मिलिमीटर भरतात. साधारण २५९ ला चेन संपली. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा दिसला, तरी तेच.

सेकंडहँड गाडीत एक चलाखी वारंवार सापडते: अ‍ॅडजस्टर टोकाला पोचल्यावर दोन कड्या काढलेल्या असतात. चेन २५.४ मिलिमीटरने आखूड होऊन चाक सुमारे १२.७ मिलिमीटर पुढे येते आणि खुणा नव्या गाडीसारख्या दिसतात. त्यामुळे कड्या मोजून मॅन्युअलशी ताडून पाहाव्यात. किट बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच घ्यावीत, कारण करवतीसारख्या झालेल्या दातांवर नवी चेन लवकर संपते. चेन लॉकच्या (चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवतात. उलट बसली तर कशाला तरी घासून ती निसटते.