मेंदूच्या गल्लीतली माणसं

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. बोटी आणि जवान बाहेरून आले, पण कुठल्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, कुठल्या बोळात विजेची तार लोंबतेय, हे त्यांना गल्लीतल्यांनीच सांगितलं. मेंदूच्या बचावाबद्दल वाचताना मला हटकून ते दिवस आठवतात.

मेंदूतल्या चेतापेशी आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. त्यांच्यामधल्या जागेत बसलेल्या पेशींना मात्र १८५६ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखोने ‘चेतांचा डिंक’ म्हटलं आणि त्या कितीतरी वर्षं डिंकच राहिल्या. त्यांतलीच एक ॲस्ट्रोसाइट, म्हणजे तारकापेशी. चांदणीसारख्या तिच्या फांद्या चहूकडे पसरलेल्या असतात. माणसाच्या मेंदूतली एक तारकापेशी २० लाखांपर्यंत चेताबंधांना, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या जोडांना, स्पर्श करत असावी, असा अंदाज आहे. काही फांद्यांची टोकं रक्तवाहिन्यांना पाय टेकून असतात. एक हात चेतापेशीच्या खांद्यावर, पाय रक्ताच्या काठावर. आत काय बिघडलंय हे बाहेर कळवायला याहून सोयीची जागा नाही.

विषाणू शिरला की मेंदूत मुक्कामाला असलेल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशी धावतात. तारकापेशीही इंटरफेरॉन तयार करून शेजारच्या पेशींना सावध करतात. शिवाय त्या असे रासायनिक निरोप सोडतात, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्या जागी ओढल्या जातात.

पण आलेली मदत आवरावीही लागते. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत जुन्या कपड्यांचे ढीग इतके साचले, की चिखल काढणाऱ्यांना वाट उरली नव्हती. मेंदू कवटीत बंदिस्त असतो, तिथे सूज फार महागात पडते. उंदरांवरच्या २०२१ मधल्या संशोधनात असं दिसलं, की काही तारकापेशी दाह वाढवणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, चक्क मरण्याचा संकेत देतात. आणि तारकापेशींना हे काम करायला लावणारा इशारा आतड्यातल्या जिवाणूंच्या प्रभावातून येतो! आतड्याचा मेंदूच्या शांततेशी असा संबंध असेल, हे मला आजही थक्क करतं.

जखम मोठी असेल, तर तारकापेशी तिच्याभोवती दाट व्रण उभा करतात. हा व्रण चेतातंतूंना पुन्हा वाढू देत नाही, म्हणून तो काढून टाकावा, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. २००४ मध्ये पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांमधल्या या पेशी नष्ट करून पाहिल्या, तर दाह आणखी पसरला आणि उंदरांची हालचाल जास्तच गेली. २०१६ मध्ये दिसलं, की व्रण बनूच दिला नाही तरी तंतू वाढत नाहीत. ज्याला आपण अडसर समजत होतो, तो बांध होता.

याचा अर्थ तारकापेशी नेहमीच भल्या वागतात असा नाही. मायक्रोग्लियाने सोडलेल्या तीन प्रथिनांच्या प्रभावाखाली त्या चेतापेशींनाच मारक ठरू शकतात, हे २०१७ मध्ये चेताशास्त्रज्ञ बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो उलटा प्रसंग. तारकापेशीच्या त्या पायांवर पाण्याची ये-जा करणारं ॲक्वापोरिन-४ नावाचं दार असतं. काही माणसांचं शरीर या दारालाच शत्रू समजतं. प्रतिपिंडं, म्हणजे एरवी जंतूंना चिकटणारी रक्तातली प्रथिनं, दारावर चिकटतात, मागोमाग रक्तातली दुसरी प्रथिनं हल्ला करतात आणि तारकापेशी मरतात. त्यांच्या पाठोपाठ चेतातंतूही उघडे पडतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा तो आजार. दृष्टी जाते, पाय लुळे पडतात. पूर्वी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतातंतूंचं आवरण झिजवणाऱ्या आजाराचाच प्रकार मानत. २००४ मध्ये ही प्रतिपिंडं सापडली आणि आजार वेगळा ठरला. ते बरंच झालं, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं या रुग्णांचं दुखणं वाढवतात.

मिरजेला आसपासच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातूनही रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मेंदूच्या तळाशी उलटीचं नियंत्रण करणारा एक ठिपका असतो. तिथे ही दारं दाटीनं असतात, त्यामुळे हा आजार कधीकधी डोळे किंवा पाय यांच्या आधी, दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या घेऊन येतो. पोटाच्या तपासण्या नीट येऊनही उचकी थांबत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. प्रतिपिंडं रक्ताच्या तपासणीत सापडतात.