आधी भीती की आधी थरथर?

ताणतणावावरचा कुठलाही लेख उघडा, ‘फाइट ऑर फ्लाइट’ (लढा किंवा पळा) येतंच. समोर धोका दिसला, मेंदूतल्या अमिग्डाला या छोट्या भागाने इशारा दिला, अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक सुटलं, छाती धडधडू लागली. वाचायला सोपं आहे. पण या साखळीत ‘भीती वाटली’ ही कडी नेमकी कुठे बसवायची, यावर गेली १४० वर्षं वाद चालू आहे.

शरीराच्या अशा प्रतिसादांची यादी आपल्याकडे फार आधी झाली. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ (खिळून जाणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). कीर्तनात ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ असं आजही ऐकू येतं. भरताचा मुद्दा नुसत्या यादीचा नव्हता. हातपाय, भुवया, मान हे सगळं नटाला सरावाने हलवता येतं. अंगावरचा काटा आणि डोळ्यांतलं पाणी मात्र मन एकाग्र झाल्याशिवाय येत नाही, असं त्याने म्हटलं. म्हणजे मन आधी, शरीर नंतर. गीतेच्या पहिल्या अध्यायात मात्र अर्जुन वेगळ्या क्रमाने बोलतो. स्वजन दिसताच गात्रं गळाली, तोंड कोरडं पडलं, कंप सुटला, रोमांच उभे राहिले, हे तो आधी सांगतो. न लढण्याची कारणं त्यानंतर येतात.

युरोपात हा विषय प्रयोग आणि निरीक्षणाच्या वाटेला लागला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. भावना सगळीकडे सारख्याच दिसतात का हे पाहायला चार्ल्स डार्विनने १८६७ साली सोळा प्रश्नांची यादी देशोदेशी धाडली. आश्चर्य वाटलं की डोळे-तोंड उघडतात का, शरमेने चेहरा लाल होतो का, अशा स्वरूपाचे प्रश्न. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) सरकारी कामावर असलेल्या अर्स्किन नावाच्या अधिकाऱ्याने तिथल्या लोकांचं निरीक्षण केलं. पण खात्रीचं काही सांगणं त्याला जड गेलं, कारण युरोपियन माणसासमोर हे लोक भावना दाखवतच नसत. डार्विनने ही अडचण भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ च्या पुस्तकात नोंदवली आणि तो पुढे गेला. मला मात्र ती अडचण हेच उत्तर वाटतं. साहेब समोर उभा असणं हाही एक उद्दीपकच, आणि कोरा चेहरा हा त्याला दिलेला प्रतिसाद.

खरी ठिणगी पडली १८८४ साली. हार्वर्डचा विल्यम जेम्स वैद्यकीय पदवी घेऊन मानसशास्त्राकडे वळलेला. ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने लिहिलं की आपण क्रमच उलटा लावतो. अस्वल दिसलं, भीती वाटली म्हणून पळालो, असं नाही. अस्वल दिसताच शरीर थरथरलं, आणि त्या थरथरीची जाणीव म्हणजेच भीती. धडधड, कापरं, कोरडा घसा हे सगळं वजा करून पाहा, त्याने सुचवलं. मागे उरेल ती फक्त थंड माहिती, की समोर अस्वल आहे. पुढच्याच वर्षी कोपनहेगनचा डॉक्टर कार्ल लांगे रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून, स्वतंत्रपणे, जवळपास याच निष्कर्षावर आला. म्हणून हा जेम्स-लांगे सिद्धान्त. मानसशास्त्रावरच्या १८९० च्या ग्रंथात जेम्सने नटांच्या साक्षीही काढल्या. काही नट म्हणाले भूमिका करताना भावना खरोखर दाटते, काही म्हणाले अजिबात नाही. भरताचा हुकमी साक्षीदार इथे फितूर झाला.

जेम्सला मोठं आव्हान मिळालं ते हार्वर्डमधूनच. वॉल्टर कॅनन तिथे वैद्यकीचा विद्यार्थी होता तेव्हा क्ष-किरणांचा शोध नवा होता. मांजरीला बिस्मथ (क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं अन्न द्यायचं आणि जठराची हालचाल पडद्यावर पाहायची, हे त्याचं काम. मांजरी बिथरली की जठर चक्क थांबायचं, आणि तिला शांत केलं की पुन्हा सुरू व्हायचं. पचनाच्या अभ्यासातली ही कटकट कॅननने सोडून दिली नाही, तिच्यावरच आयुष्य खर्चलं. १९११ साली त्याने आणि त्याचे सहकारी द ला पाझ यांनी दाखवलं की भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे ठेवलेल्या मांजरीच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढतं. १९१५ च्या पुस्तकात त्याने ही सगळी यंत्रणा मांडली: पचन थांबतं, रक्त स्नायूंकडे वळतं, साखर वाढते, शरीर झुंजीला किंवा पळण्याला सज्ज होतं.

मग १९२७ साली त्याने जेम्सचं मत खोडून काढायला घेतलं. जेम्स वारून तोवर सतरा वर्षं झाली होती. कॅननचे आक्षेप नेमके होते. राग असो वा भीती, आतड्यांतले बदल सारखेच, आणि ताप किंवा थंडीतही तेच. मग शरीर भावनेला तिचा वेगळेपणा देणार कसा? शिवाय आतली इंद्रियं संथ, भावना मात्र क्षणात उसळते. मेंदूशी या इंद्रियांचा संबंध तोडलेले प्राणीही रागावल्यासारखेच वागतात. आणि बाहेरून अ‍ॅड्रेनालिन टोचलं म्हणून कुणी खरंच घाबरत नाही.

या शेवटच्या मुद्द्याचा पुरावा माद्रिदचा डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्योन याने १९२४ साली दिला होता. त्याने २१० रुग्णांना अ‍ॅड्रेनालिन टोचलं. बहुतेकांनी फक्त धडधड, थरथर अशी लक्षणं सांगितली. काहीजण म्हणाले, घाबरल्या‘सारखं’ वाटतंय, पण घाबरलेलो नाही. मला हा सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. शरीर पुरेसं नाही हे त्यातून कळतं. ते अनावश्यक आहे हे मात्र सिद्ध होत नाही.

ती फट बुजवायला १९६२ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर पुढे आले. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना अ‍ॅड्रेनालिन दिलं. मग कुणाच्या खोलीत कागदाचे गोळे उडवत मजा करणारा साथीदार बसवला, कुणाच्या खोलीत चिडचिड करणारा. धडधडीचं खरं कारण माहीत नसलेले विद्यार्थी सोबत्याच्या भावनेत वाहवतात, असा निष्कर्ष निघाला: शरीर जोर पुरवतं, नाव परिस्थिती देते. पाठ्यपुस्तकांना हे फार आवडलं. मूळ आकडे तितके स्वच्छ नव्हते, आणि १९७९ साली झालेल्या फेरप्रयोगांतही तो परिणाम मिळाला नाही, हे त्या पानांवर क्वचितच असतं.

जेम्सची बाजूही पुरती संपली नाही. १९६६ साली जॉर्ज होमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या, म्हणजे शरीराचे संदेश मेंदूपर्यंत नीट न पोहोचणाऱ्या, २५ जणांशी बोलून पाहिलं. राग आणि भीती पूर्वीइतकी तीव्र वाटत नाही, असा सूर निघाला, विशेषतः इजा वरच्या भागात असेल तर. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र असं आढळलं नाही. याच दशकात जेम्स ब्लॅक या संशोधकाने हृदयरोगासाठी प्रोप्रानोलोल हे अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारं औषध आणलं. या जातीची औषधं पुढे वादकांच्या मंचभीतीवरही वापरात आली. हात कापायचे थांबले की वाजवणं सुधारतं, हे खरं. पण आतली काळजी तेवढ्याच प्रमाणात उतरते असं नाही.

राहिला अमिग्डाला. त्याचं नाव घरोघरी नेण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी उंदरांवर धोक्याच्या संकेताचे प्रयोग केले होते. २०१४ पासून तेच सांगत आहेत की त्या प्रयोगांतून दिसला तो उंदराचा बचावाचा प्रतिसाद. उंदराला भीती ‘वाटली’ का, हे त्यातून कळत नाही, आणि अमिग्डालाला भीतीचं केंद्र म्हणणं चूक आहे.