फुलझाडांमधली रोगप्रतिकारक जनुकं

झाडात शिरलेला जंतू ओळखून गजर वाजवणारी प्रथिनं ज्या जनुकांपासून बनतात त्यांना रोगप्रतिकारक जनुकं म्हणतात. झाडाला रक्त नाही, अँटिबॉडी नाही, त्यामुळे प्रत्येक पेशीला आईबापांकडून आलेल्या जनुकांवरच निभवावं लागतं.

गोव्यात आगशीच्या वांग्याला 2023 साली जीआय टॅग मिळाला, पण वांगं लावणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं नाव मर रोगाचंच घेणार. पानं हिरवी असतानाच झाड दोन-चार दिवसांत मान टाकतं. हा राल्स्टोनिया नावाचा बॅक्टेरिया, मातीतून मुळात शिरतो. एखादी जात मरते नि तिच्या बाजूचीच दुसरी उभी राहते, हा फरक बऱ्याचदा जनुकांचा असतो.

या जनुकांचं सगळ्यात मोठं कुटुंब एनएलआर, त्यांची प्रथिनं पेशीच्या आत पहारा देतात. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या लहानशा नातेवाइकात ती दीडशेच्या आसपास, भातात चारशेच्या वर, आणि पपईत साठसुद्धा नाहीत, तरी पपई जगतेच की! भात, गहू अशा गवतवर्गातून तर टीआयआर प्रकारची (टीआयआर नावाचा भाग असलेली) एनएलआर गळूनच गेलीत.

नवीन जनुक येतं कुठून? ही जनुकं गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून घोळक्यात असतात, जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होताना जुळणी चुकते आणि एका बाजूला एक कॉपी जास्त जाते, दुसऱ्या बाजूची कमी होते. जुनी कॉपी काम सांभाळते तोवर जास्तीच्या कॉपीला उनाडायला मोकळीक, त्यात बहुतेक वाया जातात, एखादीला नवा जंतू ओळखता येतो. भातावरच्या करप्याशी लढणाऱ्या पाय-टा जनुकाच्या प्रथिनात, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीत, 918 व्या जागी अ‍ॅलनीन असेल तर प्रतिकार, सेरीन असेल तर नाही, एवढ्याशा फरकावर शेत वाचतं.

जंतूही गप्प बसत नाही. 1940 च्या दशकात हॅरॉल्ड फ्लॉरनं अमेरिकेत जवस आणि त्याचा तांबेरा घेऊन दाखवलं की झाडाच्या एका जनुकाला जंतूचं एक जनुक जोडीला असतं. जंतूनं आपलं बदललं की झाडाचं आंधळं. राल्स्टोनियाची तर गंमतच आहे. तो पेशीत पॉप-पी2 नावाचं प्रथिन सोडतो, ते झाडाच्या बचावाची बटणं निकामी करतं. अराबिडॉप्सिसच्या आरआरएस1 जनुकानं तसलंच एक खोटं बटण स्वतःलाच जोडून घेतलंय, जंतूनं त्याला हात लावला की आरपीएस4 हा जोडीदार गजर करतो. हा शोध वांग्यातला नव्हे, पण जंतू तोच.

मग सगळ्या झाडांनी सगळी जनुकं का नाही ठेवायची? कारण फुकट काही नाही. 2003 च्या एका प्रयोगात अराबिडॉप्सिसमध्ये आरपीएम1 हे जनुक असलेल्या झाडांना, रोग नसताना, 9 टक्के बी कमी आलं. म्हणून रानात जनुक असलेली नि नसलेली झाडं पिढ्यानपिढ्या सोबत नांदतात. कधी दोन धडधाकट झाडांचा संकर केला की पोरांची पानं आपोआप करपतात, आईचं जनुक बापाच्या प्रथिनालाच शत्रू समजतं.

शेतात मात्र मैलभर एकच जात, जंतूला एकच कुलूप उघडायचं. भातात पानं करपवणाऱ्या बॅक्टेरियाविरुद्धचं एक्सए21 जनुक आफ्रिकेच्या रानभातातून आणलं, 1995 मध्ये ते वेगळं काढलं गेलं. सांबा मसुरीच्या सुधारित जातीत ते एकटं नाही, सोबत आणखी दोन आहेत. वांग्यात तर संकराच्या भानगडीत न पडताही काम भागतं: मर रोगाला दाद न देणाऱ्या रानवांग्याचं मूळ घ्यायचं आणि त्यावर आपलं वांगं कलम करायचं.