गोठलेल्या खिडकीतले क्लिक जातात कुठे?

मोठी फाईल सेव्ह होत असते, खिडकी गोठते आणि आपण तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो. खिडकी हलत नाही म्हणजे तिच्यापर्यंत काही पोचतच नाही, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

प्रत्येक क्लिक आणि कीबोर्डची प्रत्येक कळ ऑपरेटिंग सिस्टिम एका रांगेत लावते. प्रोग्रॅमचा मुख्य थ्रेड (सूचना एकामागून एक पार पाडणारा कामाचा धागा) रांगेतून एकेक संदेश उचलतो, त्याचं काम उरकतो, मग पुढचा घेतो. खिडकी रंगवणंही त्याच्याचकडे. तो सेव्ह करण्यात अडकला की रांग तुंबते, पण तिच्यात भर पडतच राहते. विंडोजमध्ये ५ सेकंद कोणी रांगेकडे फिरकलं नाही, तर शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' उमटतं. अशा वेळी डेस्कटॉपवर जाऊन रिफ्रेश मारण्याची सवय अनेकांना असते. ती निव्वळ अंधश्रद्धा आहे; त्याने आयकॉन नव्याने मांडले जातात, अडकलेला थ्रेड सुटत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गंमत. प्रोग्रॅमर तीन ओळी लिहितो: बटण बंद कर, फाईल सेव्ह कर, बटण चालू कर. निर्दोष वाटतं, तरी फाईल दोनदा सेव्ह होते! दुसरा क्लिक झाला तेव्हा बटण बंदच होतं. पण 'बटण चालू आहे का?' हे क्लिक होताना बघितलं जात नाही, तो रांगेतून उचलल्यावर बघितलं जातं. मुख्य थ्रेड तिन्ही ओळी संपवूनच रांगेकडे वळतो, आणि तोवर बटण पुन्हा चालू झालेलं असतं.

म्हणून सेव्हचं काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यायचं. मुख्य थ्रेड मोकळा राहतो, क्लिक तिथल्या तिथे उचलतो, बटण बंद दिसलं की सोडून देतो. क्लिक अडवायचा तर तो ऐकणारा जागा असावा लागतो.

कीबोर्डचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत खिडक्या आणि बटणं बनवायला 'स्विंग' नावाचा संच आहे; त्यात खिडकीवर 'ग्लास पेन' नावाची पारदर्शक काच अंथरून माऊस अडवता येतो. पण टॅब दाबत काचेखालच्या बटणावर जा, स्पेसबार दाबा, बटण दाबलं जातं!

विंडोजमध्ये 'ब्लॉकइनपुट' हे फंक्शन माऊस आणि कीबोर्ड दोन्ही एकदम बंद करतं. तिथेही कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की ही बंदी उठते, आणि बंदी घालणारा थ्रेड मध्येच बंद पडला तरी उठते.