हिरा अस्सल आहे, वीज कुठली ते विचारा

बडोद्यात घडियाळी पोळापासून अलकापुरीतल्या शोरूमपर्यंत हल्ली लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, हिऱ्यांच्या पाट्या दिसतात. पाटीवर ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हमखास असतो. घरोघरी मात्र याच हिऱ्याला ‘नकली’ म्हणतात. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. हिरा अस्सल आहे, तपासायचा आहे तो त्याचा हिरवेपणा.

‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकतात तो झिर्कोनियम ऑक्साइडचा खडा, त्यात कार्बन नसतोच. लॅबग्रोन हिरा मात्र कार्बनचाच असतो. त्यातला प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी जोडलेला असतो, थेट खाणीतल्या हिऱ्यासारखा. 1954 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरे तयार झाले, आणि ती पद्धत, एचपीएचटी, आजही चालते. पण खरी बहार आहे सीव्हीडी या दुसऱ्या पद्धतीत. तिथे हिरा चक्क वायूतून वाढतो.

बंद पेटीत हिऱ्याच्या पातळ चकत्या मांडतात. त्यांना ‘सीड’ म्हणतात. पेटीतली हवा काढून टाकून भरपूर हायड्रोजन आणि अगदी थोडा मिथेन सोडतात. दाब बाहेरच्या हवेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मायक्रोवेव्ह लहरी दिल्या की वायूचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, होतो. चकत्यांवर जांभळट गोळा पेटलेला दिसतो आणि त्या 800 ते 1000 अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. मिथेन फुटतो, कार्बन चकतीवर बसू लागतो. आता गंमत अशी, की इतक्या कमी दाबाला कार्बनचं स्थिर रूप हिरा नाहीच, पेन्सिलीच्या शिशातलं ग्रॅफाइट आहे. मग चकतीवर काजळी का धरत नाही?

कारण हायड्रोजनचे सुटे अणू. ते ग्रॅफाइटला हिऱ्यापेक्षा कितीतरी वेगानं खाऊन टाकतात. शिवाय चकतीच्या पृष्ठभागावरच्या कार्बनचा एक बंध मोकळा राहिला, तर तो शेजाऱ्याशी दुहेरी बंध करून ग्रॅफाइटकडे झुकतो. हायड्रोजन तिथे बसून हे होऊ देत नाही. मग प्लाझ्मातला दुसरा हायड्रोजन अणू येऊन या बसलेल्याला ओढून नेतो, दोघांचा रेणू होतो. रिकाम्या जागी मिथाइल, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा तुकडा, येऊन चिकटतो. त्याचेही हायड्रोजन असेच निघत जातात आणि कार्बन शेजाऱ्यांशी चार एकेरी बंधांनी (याला एसपी-थ्री संकरण म्हणतात) पक्का होतो. हा सारा खेळ स्थिरतेचा नसून वेगाचा आहे. ग्रॅफाइट व्हायला हवं असतं, पण त्याला टिकू दिलं जात नाही. वाढ तासाला काही मायक्रोमीटरची, त्यामुळे दागिन्याजोगा हिरा व्हायला आठवडे लागतात.

‘शुक्रासाठी खाणीतलाच हिरा लागतो, लॅबचा फळत नाही’ असं काही ज्योतिषी सांगतात. शुक्राचा या दोन्ही हिऱ्यांशी काही संबंध नाही. या नावाखाली महागडा खडा गळ्यात मारणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आता विजेकडे वळू. हिरा वाढतो ते सगळे आठवडे प्लाझ्मा रात्रंदिवस पेटता ठेवावा लागतो. पंप आणि थंड पाण्याचं चक्रही थांबवून चालत नाही. आपल्या देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. 2023 मध्ये पंतप्रधान मोदींनी तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना दिलेला 7.5 कॅरटचा हिरा सौर आणि पवन ऊर्जेवर घडवल्याचं सांगितलं गेलं, पण म्हणून दुकानातला प्रत्येक हिरा तसा ठरत नाही. छतावर पॅनेल असले तरी रात्रीची वीज बहुधा ग्रिडचीच. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2019 मध्ये आठ विक्रेत्यांना जाहिरातींबद्दल पत्रं पाठवली होती; पुरावा नसताना ‘इको-फ्रेंडली’ म्हणू नका, हाही त्यातला एक मुद्दा.

खाणीची बाजूही काही सोवळी नाही. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी विकत घेतलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा 1853 मध्ये ब्राझीलमध्ये एका गुलाम स्त्रीच्या हाती लागला होता. शेजारच्या मध्य प्रदेशात बक्सवाहाच्या हिऱ्यांसाठी दोन लाखांहून अधिक झाडं तोडण्याचा प्रस्ताव होता. कच्च्या हिऱ्यांच्या व्यापारासाठीची 2003 पासूनची आंतरराष्ट्रीय किंबर्ली व्यवस्था बंडखोरांच्या लढाईला पैसा पुरवणारे हिरे अडवते. खाणमजुराला काय मजुरी मिळाली, हे तिच्या कक्षेत येत नाही.

लॅबग्रोनच्या प्रमाणपत्रावर सहसा वजन, रंग, शुद्धता, कट असतो, बहुतेकदा सीव्हीडी की एचपीएचटी हेही असतं. वीज कुठली, याचा रकाना मात्र सहसा नसतो. तेव्हा खरेदीला जाल तेव्हा हिरा कुठल्या कारखान्यात वाढला आणि तिथली रात्रीची वीज कुठून येते, हे सराफाला विचारा. उत्तर लेखी मागा.