डेमो झाला म्हणजे ट्रेनिंग झालं का?

नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याला ऑफिसची सॉफ्टवेअर ‘शिकवली’ जातात. प्रोजेक्टर लागतो, सिस्टीम तोंडपाठ असलेलं कुणीतरी तासभर भराभर क्लिक करत जातं, शेवटी ‘काही शंका?’ विचारलं जातं आणि कागदावर ‘ट्रेनिंग पूर्ण’ अशी सही होते. प्रत्यक्षात झालेला असतो डेमो. ट्रेनिंग अजून सुरूच व्हायचं असतं, आणि ते कळतं चुकीच्या एंट्र्या निस्तरायची वेळ आल्यावर.

दोन्हींतला फरक ओळखायला माउस कुणाच्या हातात होता एवढं बघितलं तरी पुरतं. पक्का पुरावा हवा असेल तर सिस्टीमचा लॉग उघडा. त्या तासातल्या सगळ्या नोंदी शिकवणाऱ्याच्या नावावर असतील तर तो डेमो होता.

डेमो वाईट नाही. कामाचा अख्खा प्रवास दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खरेदीचं बिल घ्या: पर्चेस ऑर्डर कोण काढतं, माल आल्याची नोंद कुठे होते, आणि बिलातले नग व दर ऑर्डरशी आणि त्या नोंदीशी का जुळवायचे. हे डोक्यात नसेल तर माणूस बटणांचा क्रम तेवढा पाठ करतो आणि अपडेटनंतर एखादं बटण हललं की अडून बसतो. पण यासाठी दहा-पंधरा मिनिटं पुरेशी आहेत. त्यापुढे डेमो ताणला की बघणाऱ्याला ‘आपल्याला जमेल’ असं वाटत राहतं, हात मात्र तिथेच असतो. मायकल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली नेमकं हेच दाखवलं. एखादं कौशल्य व्हिडिओत पुन्हा पुन्हा पाहिल्यावर लोकांचा आत्मविश्वास वाढला, पण करायला दिल्यावर कामगिरी सुधारलेली नव्हती.

डेमोत आणखी एक गोष्ट लपते. शिकवणारा बहुतेक वेळा अ‍ॅडमिन लॉगिनने बसलेला असतो, त्यामुळे त्याला सगळे मेनू दिसतात. नवीन माणूस स्वतःच्या लॉगिनने आत गेला की त्यातले निम्मे गायब! त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. मोठ्या पडद्यावर ठळक दिसणारं ‘सेव्ह’ छोट्या लॅपटॉपवर स्क्रोल केल्याशिवाय सापडत नाही, हेही नेहमीचंच. म्हणून सराव शिकणाऱ्याच्याच लॉगिनवर, त्याच्याच मशीनवर घ्यायचा. पासवर्ड, मोबाइलवरचा ओटीपी आणि परवानग्या आदल्या दिवशीच तपासून ठेवा, नाहीतर सरावाचा पहिला अर्धा तास त्यातच जातो.

सरावासाठी दहा बिलं तयार ठेवा. सहा सरळ. तीन बिघडलेली: एकात नग ऑर्डरपेक्षा जास्त, एकात ०५/०६ अशी तारीख (५ जून की ६ मे?), एक आधीच नोंदवलेलं बिल पुन्हा आलेलं. दहावं थेट नाकारायचं. खरं शिक्षण त्या शेवटच्या चारांत आहे. सरळ बिल कुणालाही जमतं. सिस्टीम लाल अक्षरांत अडवते तेव्हा संदेश न वाचता ‘ओके’ दाबायची सवय पहिल्या दिवशी मोडली नाही, तर ती कायमची राहते.

या वेळी शिकवणाऱ्याने हात मागे ठेवायचे. ‘थांब, मी करतो’ म्हणत माउस ओढून घेतला की सरावाचा पुन्हा डेमो होतो. शिकणारा अडला तर आधी विचारा, ‘स्क्रीनवर काय लिहिलंय?’ आणि मग ‘आता तुम्ही काय कराल?’ उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. एका शिकवणाऱ्यामागे पाच-सहा जणांहून जास्त घेऊ नका, कारण कुणाचा माउस कुठे थांबलाय ते दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी टिपणं न बघता दोन बिलं करून घ्या, आठवड्याने आणखी दोन. विसरलेलं काय, ते तेव्हाच वर येतं.

सरावाची जागा अर्थातच टेस्ट सिस्टीम, म्हणजे सरावासाठीची वेगळी प्रत; रोजचं खरं काम चालतं ती लाइव्ह. पण तिथेही दोन चुका हमखास होतात. टेस्ट आणि लाइव्हचे स्क्रीन हुबेहूब सारखे असतात, आणि सरावाची बिलं लाइव्हमध्ये जाऊन पडतात. टेस्टच्या वरच्या पट्टीचा रंग बदलून घ्या. दुसरं, टेस्टमध्ये लाइव्हचा डेटा कॉपी केलेला असेल तर पुरवठादारांचे खरे ईमेल पत्तेही आलेले असतात. बाहेर जाणारे मेल बंद केले नाहीत तर सरावातलं ‘पेमेंट मंजूर’ त्यांच्या इनबॉक्समध्ये पोचतं.

टेस्ट सिस्टीमच नसेल तर खऱ्या बिलांवर सराव घ्या, पण ड्राफ्टपर्यंतच, म्हणजे कच्ची नोंद होईपर्यंत. सबमिटची परवानगी नवीन माणसाच्या लॉगिनला देऊच नका. ड्राफ्ट तपासून पुढे ढकलणारा एकच माणूस ठरवा. सरावासाठी बनावट बिलं मात्र लाइव्हमध्ये टाकू नका. काही सिस्टीम ड्राफ्टलाही अनुक्रमांक देतात. मग ड्राफ्ट काढून टाकला की क्रमात खंड पडतो, आणि ऑडिटच्या वेळी त्याचा खुलासा द्यावा लागतो.