नव्या लिनक्स लॅपटॉपचा कीबोर्ड त्रास देत असेल तर

आमच्याकडून लिनक्स टाकून घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा लॅपटॉप घरी नेला आणि एखादे अक्षर उमटेनासे झाले, किंवा एकदा दाबले तरी दोनदा उमटू लागले, की ग्राहक सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. काहीजण लिनक्सलाच दोष देऊन सगळे पुसतात आणि दुसरी सिस्टीम टाकतात. काहीजण ‘नवीन आहे, वापरून वापरून मोकळा होईल’ म्हणत थांबतात आणि लॅपटॉप बदलून मिळण्याची मुदत निघून जाते. ही मुदत अनेकदा जेमतेम आठवडाभराचीच असते. आमची कळकळीची विनंती आहे, की यातले काहीही होण्याआधी अर्धा तास काढा आणि दाबलेले बटण नेमके कुठे अडते ते बघा. बटणाखालचा संपर्क, लॅपटॉपचे फर्मवेअर (कंपनीने आत भरून दिलेला मूळ प्रोग्रॅम), लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि शेवटी भाषेचा लेआउट (कोणत्या बटणाला कोणते अक्षर याची मांडणी), एवढी मजल मारून अक्षर पडद्यावर येते. अडचण यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळले, तर निम्मे काम झाले.

सर्वांत आधी: लिनक्स सुरू होण्यापूर्वी

लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगच्या पडद्यावर जा. त्यासाठी डेल, एसर आणि आसुसवर एफ२, एचपीवर एफ१० आणि थिंकपॅडवर एफ१ दाबतात. इथे लिनक्सचा अजून पत्ताच नसतो. बाणांची बटणे, एंटर, एस्केप आणि एफच्या ओळीतली बटणे इथे तपासून होतात.

अक्षरांसाठी ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, मेनू कामाला येतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर तो सहसा लपलेला असतो. कंपनीचे बोधचिन्ह दिसताच एस्केप दाबले की समोर येतो. मेनूत सी दाबा. काळ्या पडद्यावर एक रिकामी ओळ मिळेल. तिच्यावर प्रत्येक अक्षर, प्रत्येक अंक, स्पेस, शिफ्टसह आणि शिफ्टशिवाय टाईप करून बघा. एंटर दाबेपर्यंत काहीही घडत नाही, त्यामुळे निर्धास्त राहा. तपासून झाले की पॉवरचे बटण दाबून धरा आणि लॅपटॉप बंद करा. या ठिकाणी ग्रब फर्मवेअरकडूनच अक्षरे घेतो, कर्नल मध्ये येत नाही. म्हणूनच आम्ही या तपासणीवर एवढा भर देतो.

एखादे बटण इथेही उमटले नाही, तर दोष लॅपटॉपचा आहे, लिनक्सचा नाही. मोबाईलवर लगेच त्याचा व्हिडिओ काढा. ‘तुम्ही लिनक्स टाकले म्हणून असे झाले’ असे सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी म्हणाले, तर हा व्हिडिओ पुरेसे उत्तर आहे. एचपीवर चालू करताना एफ२ दाबल्यावर आणि डेलवर एफ१२च्या मेनूतून कंपनीची स्वतःची हार्डवेअर चाचणी सुरू होते. तिचा निकाल सोबत नेलात तर आणखी बरे.

एकमेकांपासून दूर असलेली चार-पाच बटणे एकदम बंद पडली, तर बुचकळ्यात पडू नका. कीबोर्डखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि एकेका तारेवर बरीच बटणे असतात. एक तार तुटली किंवा कीबोर्ड मदरबोर्डला जोडणारी चपटी केबल (रिबन) नीट बसली नसली, की त्या तारेवरची सगळी बटणे जातात. असा कीबोर्ड साफ करून दुरुस्त होत नाही. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या झाकणाला रिव्हेटने पक्का केलेला असतो, त्यामुळे बदलायचा म्हटले की अख्खा वरचा भाग बदलावा लागतो. वॉरंटी संपल्यावर हा खर्च चांगलाच बोचतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात दाखवा.

कीबोर्ड सगळाच मुका झाला असेल, तर आधी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. कीबोर्डवर देखरेख ठेवणारी आतली चिप कधी कधी अडकते, ती यामुळे नव्याने सुरू होते.

ग्रबमध्ये चालतो, लिनक्समध्ये चालत नाही

हा प्रकार अगदी नव्या मॉडेलांवर दिसतो आणि त्यामागे खरे कारण असते. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बहुतेकदा आजही जुन्या पीएस/२ पद्धतीने, आय८०४२ या नियंत्रकामार्फत जोडलेला असतो. बटण दाबले, की तो इंटरप्ट (लक्ष वेधणारा संकेत) क्रमांक १ वरून कर्नलला हाक देतो. २०२२ मध्ये एएमडीच्या रायझन ६००० मालिकेचे लॅपटॉप आले, तेव्हा काही मॉडेलांच्या फर्मवेअरने या इंटरप्टची मांडणी वेगळी सांगितली होती. लिनक्स मात्र जुन्याच सवयीची मांडणी धरून चालला. परिणामी ग्रबपर्यंत व्यवस्थित चालणारा कीबोर्ड लॉगिनच्या पडद्यावर गप्प. पुढच्या कर्नलमध्ये याची दुरुस्ती होत गेली आणि काही लॅपटॉप तर मदरबोर्डच्या नावानिशी कर्नलच्या यादीत घालावे लागले.

तेव्हा अशा वेळी सिस्टीम पुसू नका, कर्नल नवा करा. साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. त्याचा मार्ग वेगळा असल्याने तो चालतो. मग सगळे अपडेट घ्या. उबुंटू २४.०४ सोबत मूळ कर्नल ६.८ होता, २४.०४.३ मध्ये ६.१४ आला. डेबियन या दुसऱ्या प्रकारच्या लिनक्सच्या १२ मध्ये ६.१ आहे, १३ मध्ये ६.१२. मॉडेल जितके नवे, तितका कर्नलही नवा हवा. बायोसचे अपडेटही बघून घ्या. अनेक कंपन्यांची ती थेट लिनक्समधून, एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅममार्फत मिळतात. त्या वेळी चार्जर लावलेला असू द्या.

लॅपटॉप झोपेतून जागा झाल्यावरच कीबोर्ड बंद पडत असेल, तर कर्नलला सुरुवातीला ‘आय८०४२.रीसेट’ किंवा ‘आय८०४२.नोमक्स’ असा पर्याय देऊन बघतात. हे आमच्याकडे आणून करून घेतलेले बरे.

बटण चालते, पण भलतेच उमटते

इथे कीबोर्ड शाबूत असतो. मराठी इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा लेआउट) चालू राहिला, की एच दाबल्यावर प आणि जे दाबल्यावर र येतो. लिहिताना हे लगेच कळते, पण पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात आणि ‘पासवर्ड चुकीचा’ एवढेच उत्तर मिळते. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती बघा. सुपर (विंडोजचे चिन्ह असलेले बटण) आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलता येते. ॲटचे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल झाली असेल, तर अमेरिकनऐवजी ब्रिटिश लेआउट निवडला गेला आहे. ₹ हवा असेल तर ‘इंग्रजी (भारत, रुपयासह)’ हा लेआउट घ्या आणि उजव्या ऑल्टसह ४ दाबा.

बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय काही उमटत नसेल, तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘स्लो कीज’ चालू झाले आहे का ते पाहा. शिफ्ट चुकून आठेक सेकंद दाबून धरली गेली, की काही सिस्टीमवर ते चालू होते.

एकाऐवजी दोन अक्षरे

याचा निवाडा ईव्हीटेस्ट नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने करा. तो टर्मिनलमधून (आज्ञा टाईप करण्याच्या खिडकीतून) सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवा आणि यादीतून ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’ निवडा. आता बटण दाबताच १ आणि सोडताच ० दिसेल. दाबून धरले तर २ येत राहील. एकदाच दाबून १, ०, १, ० असे दिसले, तर बटणाचा संपर्क थरथरतो आहे, म्हणजे वॉरंटीचे काम. इथे सगळे बरोबर आणि लिखाणात मात्र गोंधळ असेल, तर कीबोर्ड ठीक आहे. दोष लेआउटचा किंवा सेटिंगचा आहे. ईव्हीटेस्ट चालू असताना पासवर्ड टाईप करू नका, कारण प्रत्येक बटण पडद्यावर दिसते.

ॲक्सेसिबिलिटीतले ‘बाऊन्स कीज’ (लागोपाठ झटकन आलेले तेच बटण न मोजणारे सेटिंग) चालू करून दुहेरी अक्षरे दडवता येतात. वॉरंटी असताना आम्ही तसा सल्ला देणार नाही. वॉरंटीचे दिवस सरतात आणि दोष तसाच राहतो.

आमच्याकडे येताना

बिल आणा, व्हिडिओ आणा, आणि दोष कधी येतो ते सांगा: नेहमी, तापल्यावर, की झोपेतून उठल्यावर. चहा-पाणी सांडले असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, उपाय वेगळा असतो. बटणाची टोपी स्वतः उचकटू नका, तिच्याखालचे प्लास्टिकचे कात्रीसारखे पाय फार नाजूक असतात.

सर्व्हिस सेंटरला देण्याआधी बॅकअप घ्याच, दुरुस्तीच्या वेळी डिस्क पुसली जाऊ शकते. कीबोर्ड बंद असला तरी यूएसबी कीबोर्ड लावून बॅकअप घेता येतो. तुमच्याकडे नसेल तर आमच्या दुकानात बसून घ्या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. डिस्कला एन्क्रिप्शन असेल, तर त्याचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. कीबोर्ड बदलायला आणि बायोसमध्ये तपासायला तो लागत नाही.